आरशाएवढा हलका

३ ऑगस्ट, रविवार. वडगाव, बेळगाव

आप्पांच्या गळ्यात पट्टा आला. डॉक्टर म्हणाले, माग चालवा खुशाल, फक्त मान खाली घालू नका. म्हणजे पोहा, पण भिजू नका. आप्पा त्यांच्यासमोर "व्हय, व्हय" म्हणाले आणि रिक्षात बसल्यापासून घरापर्यंत पट्ट्याचा बंद चाचपत राहिले.

आमची साडी मागावर पालथी असते. सुलट बाजू खाली, आप्पांच्या गुडघ्यांकडे. पदरावरचे पोपट खाली उतरतात, वर नुसत्या गाठी आणि रंगीत दोऱ्यांच्या लोंबत्या कांड्या. म्हणून आरसा. मांडीवर धरायचा, वाकून बघायचं, मग आडव्या दोऱ्याचा पुढचा धोटा. चौदाव्या वर्षापासून तोच आरसा, कडेला निळा दोरा गुंडाळलेला. आता वाकायचं नाही म्हणजे बघायचंच नाही.

मान आधीच वाकत नव्हती, म्हणून परवा उतरलेल्या साडीचा पदर त्यांनी बोटांनी चाचपून विणला. उजव्या पोपटाला डोळाच नाही. व्यापारी काही बोलला नाही, घडी घालून साडी बाजूला ठेवली. बोलला असता तर बरं झालं असतं.

जेवताना आप्पा म्हणाले, "ह्यो ताणा सपला की बास."

चार साड्यांच्या उभ्या दोऱ्यांचा ताणा चढवलाय. एक उतरली. म्हणजे तीन साड्या, तीन पदर.

थोरला भाऊ मागच्या शेडमधले त्याचे दोन पॉवरलूम बंद करून जेवायला आला होता. "बरं झालं आप्पा. तिसरं मशीन हितं बसंल." अण्णा मनानं वाईट नाही. तोंडानं आहे.

५ ऑगस्ट, मंगळ. निपाणी

लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर सांभाळते, आणि माझा स्वतःचा लॅपटॉप म्हणजे वरवंटा. दर सोमवारी बेळगावहून निपाणीपर्यंत तो खांद्यावर. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय, ब्लाउज शिवणारीनं सांगितलं.

काल बसमध्ये पुढच्या सीटवरची बाई फोनमध्ये बघून टिकली सारखी करत होती. आरशात बघावं तशी. तवंदी घाट संपला तरी मी तिच्याकडेच बघत होते. आप्पांच्या मांडीवर आरशाऐवजी कॅमेरा, आणि चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर. मान ताठ. इतकं सोपं आहे हे!

१० ऑगस्ट, रवि. वडगाव

सोपं नाही.

मांडी आणि साडी यांच्यात चार बोटं जागा. माझा फोन सरकवला. इतक्या जवळून त्याला फक्त एक चोच दिसते. आप्पा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "ह्ये काय मुंगीसाठी केलंय व्हय?" मग पुन्हा बोटांनी चाचपायला लागले.

चोच मात्र त्यांनी बराच वेळ बघितली.

१७ ऑगस्ट, रवि.

कॉलेजातला हजेरीचा टॅब प्राचार्यांना विचारून आणला. कॅमेरा जरा रुंद बघतो, एक अख्खा पोपट मावतो. पण जाड, जड, आणि रबरी कव्हर कॉलेजनं डकवून टाकलेलं, निघत नाही. मांडीवर ठेवला तर साडीला खालून टेकतो. म्हणून मी शहाणीनं तो झोळीत घालून दोन्ही बाजूंना बांधला. आप्पांनी पायपट्टी दाबली, झोळी हलली, ताण्याचे अकरा दोरे तुटले.

आवाज लहानच येतो. टक् टक् असा.

आप्पा रागावले नाहीत. बोटं थुंकीनं ओली करून एकेक दोरा सांधत बसले, मान न वाकवता, हातांच्या अंदाजानं. दीड तास. मी कंदिलासारखा टॉर्च धरून उभी. शेवटी म्हणाले, "पोरी, ह्ये लोखंड हाय. आरसा उचलून बघ."

उचलला. हातात काही घेतलंय असं वाटतच नाही.

दुसऱ्या साडीचा पदर तसाच गेला, चाचपत. ह्या वेळी डोळे आहेत. एका पोपटाला दोन.

२३ ऑगस्ट, शनि.

निपाणीहून उतरले ती थेट खडेबाजार. बसूच्या दुकानात. कॉलेजचे कॉम्प्युटर त्याच्याकडूनच येतात, त्यामुळे स्टूल मिळतं.

"मॅडमना टॅब कशासाठी? सीरियल बघायला का मीटिंग?"

सांगितलं. त्यानं दोनदा ऐकलं. मग चार टॅब काचेवर मांडले आणि आम्ही दोघं त्यांच्यावर रुमाल धरून बघत बसलो. बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. कुणालाच जवळून रुंद दिसत नाही. ज्याला दिसतं तो जड, जो हलका तो आंधळा.

"नवीन यायलंय पुढच्या महिन्यात. एकदम पातळ. स्वल्प थांबा."

स्वल्प. बेळगावात ह्या शब्दानं माणूस दहा मिनिटंही थांबतो आणि दहा वर्षंही.

३१ ऑगस्ट, रवि.

घरात गौरी. वहिनीच्या हाताखाली पुरण वाटताना डोक्यात टॅबच. पु. मॉ. (पुढचं मॉडेल. रोज पूर्ण लिहायचा कंटाळा) कसं असावं:

पोळीएवढं पातळ. मांडीला चटका न देणारं. चार बोटांवरून पोपटांची जोडी अख्खी बघणारं. चित्र लगेच दाखवणारं, धोटा पोहोचायच्या आत. उजेडात चकाकणारं नको. आणि वजन, आप्पांच्या आरशाएवढं.

लोक ह्याच्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्टी करतात. मग एवढंच का होत नाही?

११ सप्टें., गुरु. नि.

आलं पु. मॉ. मोबाइलवर कार्यक्रम बघितला, लॅबचं दार लावून. एक तरुण माणूस दोन बोटांत धरून टॅब फिरवत होता. पातळ खरंच. वजन सांगितलं तेव्हा मी टाळी वाजवली, एकटीच.

मग कॅमेऱ्याबद्दल. चेहरा गोरा दिसतो. पाठीमागचा पसारा पुसता येतो. आपण उठून चाललो तर आपल्यामागे फिरतो.

जवळून दिसण्याबद्दल अवाक्षर नाही.

पसारा पुसायचा कशाला? बघायचाय मला तो.

२१ सप्टें., रवि. वडगाव

आज बसू स्वतः आला, दुकानातला दाखवायचा नवा टॅब पिशवीत घेऊन. तिसऱ्या साडीचा पदर लागलाय म्हणून मी फोन केला होता. म्हणाला, "मलाबी बघायचंय मॅडम, बसतंय का न्हाय."

चार बोटांत नाहीच मावली जोडी. पण आप्पांनी गुडघे फाकवले, मध्ये पाट टाकून टॅब खाली ठेवला आणि मावली. चित्र माझ्या वरवंट्यावर घेतलं, तो मागाच्या खांबाला आप्पांच्या नजरेसमोर बांधला.

आप्पा बघत राहिले. पोपटांची पाठ, पंख, तांबड्या गळ्याची सुरुवात. दोन महिन्यांनी. बसूनं मला काही विचारलं, मी हातानंच थांबवलं.

"ह्यो माझाच हात हाय की गं," म्हणाले.

मग विणायला लागले. खडखडखड. असा आवाज कैक दिवसांत आला नव्हता. अण्णासुद्धा शेडमधून येऊन दारात उभा राहिला.

अर्ध्या तासानं पाय आखडले म्हणून थांबले. मी साडीखाली डोकं घालून वर बघितलं. डाव्या पोपटाचा गळा तांबडा असतो, उजव्याचा पिवळा. इथं दोघांचेही गळे अर्धे तांबडे, अर्धे पिवळे.

चूक माझी. मागच्या कॅमेऱ्याचं चित्र स्वच्छ म्हणून तो वर करून ठेवला. त्याचं चित्र आरशासारखं नसतं, डावं उजवीकडे दिसतं. चाळीस कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईच्या हे लक्षात येऊ नये! आप्पांना डावा पोपट उजवीकडे दिसला, त्यांनी तांबडा दोरा तिकडे नेला.

"हात सांगत हुता डावीकडं. पण म्हटलं, मशीन डोळ्यांनी बघतंय, आपुन बोटांनी."

सेटिंग बदललं. एक बटण. चित्र उलटलं आणि आप्पा म्हणाले, "आता सुलट झालं." त्यांना अठ्ठावन्न वर्षं आरशातलंच सुलट.

पण तोवर टॅब तापला होता. पाय पुन्हा फाकवता येईनात. आणि चित्र एक क्षण उशिरा येतं; आप्पांचा हात चित्राच्या पुढं पळतो. बसूला पाचला दुकान उघडायचं होतं. टॅब पुसून पिशवीत घातला, जाताना आप्पांच्या पाया पडला.

मी म्हटलं, उसवू या. वीतभर तर आहे.

"ऱ्हाऊ दे. ही इकायची न्हाय. तू नेस."

मोरीत तोंड धुतलं दोनदा.

१ ऑक्टो., बुध.

खंडेनवमी. मागाला झेंडूची माळ, धोट्यांना हळदकुंकू. आप्पांनी आरसा मांडला आणि माझ्याकडे बघून, "तुझं बी आण." वरवंट्यावर कुंकू लावलं ते थेट चालू करायच्या बटणावर. निघता निघत नाही.

"नवा आला की त्यालाबी लावू."

येणार, असं गृहीत धरून बोलतात. हे माझ्यामुळे. उद्या तो आलाच नाही तर आधी मला बोललं पाहिजे.

१२ ऑक्टो., रवि.

अण्णानं टेप लावून जागा मोजली. मागाच्या आतूनच टेप नेली, आप्पा बसलेले असताना. आप्पांनी दुसरं टोक धरलं त्याच्यासाठी.

मी भांडले. अण्णा म्हणाला, "तुला काय गं, तू शनवारी येतीस, टॅब-टॅब करतीस, सोमवारी जातीस. रोज त्येंनी चाचपताना बघायला कोण असतंय? मी." त्याचे डोळे लाल झाले होते. टेप मीच गुंडाळून ठेवली.

चौथी साडी चालू आहे. शेवटची.

१५ ऑक्टो., बुध. नि.

टॅब काढणाऱ्या कंपनीला लिहिलं. त्यांच्या साइटवर फॉर्म आहे, 'पुढच्या मॉडेलमध्ये काय हवं'. कशासाठी वापरता: अभ्यास, ऑफिस, करमणूक, इतर. इतर. मग लिहायला जागा. मराठीतच लिहिलं, मोठं झालं. चार बोटं, पालथी साडी, गुडघे, गळ्यातला पट्टा. अक्षरं संपली असं आलं म्हणून पोपट काढले. मग पोपट ठेवले आणि स्वतःचं नाव काढलं.

मिनिटात उत्तर आलं. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. मिनिटात! वाचलं नाही हे कळतंच. तरी दोनदा उघडून बघितलं.

२४ ऑक्टो., शुक्र. वडगाव

दिवाळीची सुट्टी. शेवटचा पदर लागला.

टॅब नाही, मग मीच टॅब. जमिनीवर सतरंजी, डोकं मागाखाली, आप्पांच्या मांडीपाशी. वर बघायचं आणि सांगायचं. सुरुवातीला मी म्हणत होते, "छान दिसतंय." आप्पा वरून, "छान म्हंजे काय? पंजा मिटला का उघडा? शेपटाचा तिसरा पदर सुटा हाय का चिकटलाय?" चव्वेचाळीस वर्षांची झाले, ह्या घरात जन्मले, आणि पोपटाला शेपटात तीन पदर असतात हे आज समजलं.

वहिनी चकली ठेवून गेली, थेट माझ्या छातीवर. हसले तर आप्पा ओरडले, "हलू नगंस, चित्र हलतंय."

२९ ऑक्टो., बुध.

रोज चार बोटंच विणून होतं. अण्णा म्हणाला, "मुद्दाम हळू इणताय व्हय आप्पा?" आप्पा म्हणाले, "मानेला इच्यार."

मुद्दामच विणतात. मीही एक-दोनदा "थांबा, बघू दे नीट" म्हटलं, काही बघायचं नसताना.

दुपारी मी त्यांना म्हणाले, आता तर चाललंय की, टॅब कशाला लागतो. उगीच, त्यांचं मन बघायला.

धोटा थांबला. "तू सांगतीस त्ये ऐकू येतंय गं. दिसत न्हाय."

मी खाली होते. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, बरं झालं.

२ नोव्हें., रवि.

सुट्टी संपली. काल एक नोव्हेंबरचा काळा दिवस, बाजार बंद, बस नाही, तो एक दिवस फुकट मिळाला. जोडीचे गळे झाले, डावा तांबडा, उजवा पिवळा. चोची राहिल्या आणि वरची पट्टी. त्या आता चाचपत.

उद्या निपाणी.

८ नोव्हें., शनि. वडगाव

घरी आले तर माग शांत. साडी उतरलेली, घडी घालून देवापाशी. पदर उघडला. एक चोच जरा तिरकी. बाकी सगळं जागेवर.

मागाकडे बघायचा धीर होत नव्हता. माग बंद करतात तेव्हा ताण्याचे उरलेले दोरे फणीतून ओढून काढतात, फणी सोडवतात, मग नुसती लाकडं राहतात. शेजारच्या गल्लीत तीन घरांत बघितलंय. ते बघायला लागू नये म्हणून आधी चहा केला, मग भांडी घासली.

मग गेले.

दोरे ओढलेले नाहीत. हातभर ताणा तसाच ठेवलाय, फणीतून बाहेर आलेला, मूठ-मूठ दोऱ्यांच्या गाठी मारून. पुढचा ताणा लावायचा असतो तेव्हा असंच ठेवतात, नवे दोरे ह्या जुन्यांना सांधायला. नाहीतर हजारो दोरे एकेक करून पुन्हा फणीत भरायचे, ते आता आप्पांच्यानं व्हायचं नाही.

अण्णाला विचारलं. "म्या काय बोलू? काढतो म्हटलं तर म्हणाले, हात लावू नगंस." आणि वर, "मशीन शिमग्यानंतर आणतो. तवर ऱ्हाऊ दे." मग तेलाच्या हातानंच माझ्या बॅगचा पट्टा उचलून खुंटीला लावला. "किती जड हाय गं ही!"

९ नोव्हें., रवि.

आप्पा सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. विणायला काही नाही, तरी. मला हाक मारली, हातात निळा दोरा दिला, दोन गाठी मारलेला. आरशाच्या कडेचाच सोडवलेला.

"मांडीपासनं साडीपातुर. एवढ्यात बसला पायजे. दुकानदाराला दाव."

मी तोंड उघडलं. सांगणार होते की आप्पा, दर वर्षी थोडं थोडं करतात ते, आणि आपल्यासाठी करत नाहीत. दोरा घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

१५ नोव्हें., शनि.

खडेबाजार. बसूकडे आणखी एक आलाय, दुसऱ्या कंपनीचा, झाडाझुडपांचे, किड्यांचे फोटो जवळून काढणाऱ्यांसाठी म्हणे. हलका. हातात घेतला आणि पटकन खाली ठेवला, आशा लागेल म्हणून.

माझी ती अर्ध्या-अर्ध्या गळ्यांची साडी नेली होती. बसूनं टॅब काचेवर ठेवला, आप्पांचा दोरा उभा धरला. वरच्या गाठीपाशी मी पदर ताणून धरला, पालथा. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं दुसरं टोक धरलं, न विचारता.

डावा पोपट आला. गळा, चोच. उजवा आला. पंख, पाठ. तापला नाही. पदर हलवला तर चित्र लगेच हलतंय.

उजव्याची शेपटी नाही. बसूनं टॅब इकडे सरकवला तर डाव्याची जाते. तिकडे सरकवला तर उजव्याची. दोरा तिरका करून बघितला, मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सरळ केला. पदरावर बोट ठेवून मोजलं. एक बोट.

"स्वल्पच राहिलंय मॅडम," बसू म्हणाला. ह्या वेळी हसला नाही. "पुढचा येईल की उन्हाळ्यात."

शिमगा उन्हाळ्याच्या आधी येतो.

१८ नोव्हें., मंगळ. नि.

शनिवार-रविवार घरी मी आप्पांना टाळून मागच्या खोलीतच राहिले, दुकानातलं काही सांगितलं नाही. आज लॅबमधून फोन केला. आप्पांनीच उचलला. सकाळी मागाच्या गाठींवरची धूळ झटकली म्हणाले, दोरे गुंतू नयेत म्हणून. रोज झटकतात. मग, "दुकानात गेलतीस?"

"गेलते."

"दोरा लावून बघितला?"

"बघितला आप्पा. जोडी दिसती. एक बोट कमी पडतंय."

पलीकडून फणी हलवल्याचा टक् आवाज आला.

"एकच बोट?" म्हणाले. "मग आलं की गं जवळ."